गाठ बाभळीशी आहे

धारूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या अंगणात बाभळीचा एक बुंधा सात-आठ वर्षं पडून होता. बांधावरचं जुनं झाड वादळात उन्मळलं. फांद्या जळणाला गेल्या, खोडाचे दोन सरळ ओंडके सुतारानं नेले आणि जिथून तीन फांदाडं फुटली होती तो बेचक्याचा तुकडा तेवढा उरला. वजन दीड क्विंटलाच्या पुढंच असावं. घरी आलेला प्रत्येक जावई, सुट्टीला आलेला प्रत्येक भाचा बाह्या सारून त्याच्यापुढं उभा राहायचा. कुऱ्हाड आत रुतायची आणि मग ती काढण्यातच अर्धा तास जायचा. आबा ओट्यावर सुपारी कातरत बसलेले असायचे. म्हणायचे, "दमानं पाव्हणं. त्याला कुठं जायचं न्हाई."

पुढच्या पानांत जे आहे त्याची सुरुवात त्या बुंध्यापाशी झाली. पुढं नोकरीच्या निमित्तानं केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी असा जिल्हा पालथा घालताना जिथं जिथं लाकूड फोडण्याचा आवाज आला तिथं मी थांबत गेलो. वखारीत, लग्नघराच्या मागं, स्मशानाच्या वाटेवर. जे ऐकलं ते वहीत टिपलं. सरपणावर लिहितोय म्हटल्यावर बहुतेकांनी हसून विषय बदलला. झाडावर लिहिणं आपल्याकडं प्रतिष्ठेचं आहे. बीडजवळच्या पालवणच्या टेकडीवर, अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईत, २०२० च्या फेब्रुवारीत वृक्ष संमेलन भरलं आणि अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं गेलं. छानच झालं. बाभळीला मात्र स्वागताध्यक्षसुद्धा कुणी करणार नाही. आणि झाड एकदा आडवं झालं, की त्याचं पुढं काय होतं हे लिहिणं तर बाजूलाच राहिलं.

नॉर्वेत असं नाही. लार्स मिटिंग नावाच्या लेखकानं तिथं २०११ साली लाकूड तोडणं, फोडणं, रचणं आणि वाळवणं एवढ्याच विषयावर पुस्तक लिहिलं आणि ते तुफान खपलं. २०१३ मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीनं त्यावरून सलग बारा तासांचा कार्यक्रम केला. त्यातले आठ तास नुसती शेगडी जळत होती. तक्रारी आल्या त्या कंटाळ्याच्या नव्हत्या. लाकूड रचताना साल वर हवी की खाली, यावरून लोक भांडले. मला त्या माणसांचा हेवा वाटला. पण त्यांचं लाकूड बरंचसं बर्चचं, सरळ धाग्याचं. घाव नीट बसला की दोन फाळी होऊन बाजूला पडणारं. शिवाय त्यांची बेगमी थंडीसाठी. आपली मृगाच्या आत, पावसाळ्यासाठी. म्हणजे लाकूड फोडायचं ते चैत्र-वैशाखात, बालाघाटाच्या उघड्या माळावर, पारा बेचाळीसकडं गेलेला असताना. आणि समोर बर्च नव्हे, बाभूळ.

आता ती फुटत का नाही ते पाहू. लाकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची आवळून बांधलेली जुडी. झाडाला पाणी वर न्यायचं असतं म्हणून या नळ्या खालून वर जातात आणि कुऱ्हाड त्यांना तोडत नाही, एकमेकींपासून सोडवते. नळ्या समांतर असल्या की काम सोपं. पण काही झाडांत थोड्या वर्षांचे थर उजवीकडं पीळ घेतात, त्यानंतरचे डावीकडं. असं होत होत खोड आतून विणल्यासारखं होतं. चिंचेचं असंच आहे. म्हणून तर खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो. वर्षानुवर्षं सत्तूर बसूनही तो दुभंगत नाही. निलगिरीचंही तेच. बाभूळ लहरी. एखादं झाड रामकाठीसारखं सरळ वाढतं आणि त्याचं लाकूडही सरळ निघतं. पण बांधावर एकटं, चारी बाजूंनी वारा खात, शेळ्यांसाठी दर वर्षी छाटलं गेलेलं झाड पीळदारच व्हायचं. जिथं फांदी फुटते तिथं खोडाचे आणि फांदीचे धागे एकमेकांत घुसतात. तीच गाठ. आमच्या बुंध्यात अशा तीन गाठी एका जागी आल्या होत्या.

सुताराला विचारा, तो या दोषाचेच पैसे देतो. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा घ्या. मधे आख जाणार, भोवतीनं आरे ठोकून बसवणार. एवढी भोकं पाडूनही जे लाकूड उकलत नाही तेच तुंब्याला लागतं, आणि आपल्याकडं ते बहुतेक बाभळीचं. इंग्लंडातले चाकं करणारे कारागीर तुंब्याला एल्म वापरत, आऱ्यांना ओक आणि घेराला अॅश. एल्म हे तिकडचं लाकूड फोडणाऱ्यांच्या शिव्या खाणारं झाड. आपली वावळ त्याच कुळातली. दोन देशांतल्या सुतारांनी एकमेकांचं तोंड न पाहता एकच गोष्ट हेरली होती. नांगर, वखर, तिफण, जू, कुऱ्हाडीचा दांडा: पाभरीचं चाडं सोडलं तर जवळजवळ सगळा शेतकी संसार आमच्याकडं बाभळीवर चालला. ओंडके महिनोन्महिने ओढ्यात किंवा विहिरीत बुडवून ठेवायचे, म्हणजे पांढऱ्या लाकडाला कीड लागून त्याचं पीठ होत नाही. मग सावलीत वाळवायचे. एवढं कौतुक ज्याचं, त्याचा फार थोडा भाग चुलीत जात असे: ढलप्या, काटक्या, आणि आमच्या बुंध्यासारखं ज्याचं काहीच होत नाही ते.

पुढं लोखंडी नांगर आले, ट्रॅक्टर आले. साखर कारखान्यांच्या टायरगाड्या आल्या आणि लाकडी चाक जत्रेपुरतं उरलं. गावोगावच्या सुतारांनी दारं-खिडक्यांची कामं धरली, काहींनी गावच सोडलं. बाभळीचं गिऱ्हाईक गेलं. ज्या लाकडानं फुटू नये म्हणून लोक पैसे मोजत होते, तेच आता लवकर फुटावं अशी अपेक्षा घेऊन चुलीपुढं आलं. या पुस्तकात मला जर काही सांगायचं असेल तर ते या बदललेल्या गिऱ्हाइकाबद्दल आहे. बाकी सगळा तपशील.

तपशील मात्र बघण्यासारखा आहे. केजकडच्या एका वखारीत साठीच्या पुढचे एक मामा रोजानं लाकडं फोडायचे. अंगानं काटकुळे. त्यांच्याजवळ मी एक अख्खी सकाळ बसलो होतो. मांडीएवढ्या जाडीचा, हातभर लांबीचा बाभळीचा ओंडका त्यांनी पायानं फिरवला, उभा केला आणि त्याच्या तोंडाकडं पाहिलं. वाळताना पडलेल्या भेगा मधून कडेकडं गेल्या होत्या, त्यांतली एक जरा रुंद. मला वाटलं आता बरोबर मधोमध घाव पडणार. ते म्हणाले, "मधी मारतो त्यो नवा." पहिला घाव कडेपासून तीन बोटं आत, सालीला समांतर पडला. 'बद्द' असा आवाज आला आणि एक चिरफळी सुटून पडली. ओंडका जरासा फिरवला, दुसरी चिरफळी. असं भोवतीनं सोलत गेले. गोल ओंडक्याचा चौकोनी गड्डा झाला, वरचं पांढरट लाकूड संपून तांबूस नार लागला आणि आवाज बदलला. आता 'ठण्ण'. इथून कुऱ्हाड उसळायला लागली.

त्यांनी कुऱ्हाड ठेवली आणि लोखंडी पाचर घेतली. ती त्या रुंद भेगेत धरून हातोडीनं हलकेच बसवली, मग घणाचे चार घाव. भेग वितभर खाली गेली आणि थांबली. दुसरी पाचर तिच्या पुढं, त्याच ओळीत. दुसरी आत गेली तशी पहिली आपसूक सैल झाली. ती काढून आणखी पुढं. ओंडका फाकला, पण सुटला नाही. दोन फाळक्यांच्या मधे तांबडे तंतू ताणलेले दिसत होते, बाजेच्या सुंभासारखे. एखाद्याला हात घालून ओढून काढायचा मोह व्हावा असे. मामांनी माझा पुढं झालेला हात मनगटाला धरून मागं केला. पाचर निसटली तर दोन्ही फाळकी मिटतात, अडकित्त्यासारखी. पंचतंत्राच्या मित्रभेदात पहिल्याच गोष्टीतलं माकड असंच मेलं होतं: सुतारांनी अर्धवट चिरून ठेवलेल्या लाकडातली पाचर त्यानं उपसली. ती गोष्ट सांगणाऱ्यानं लाकूड फोडताना नक्की जवळून पाहिलेलं असणार. मामांनी कुऱ्हाड तिरपी धरली आणि ते तंतू सपासप छाटले. मग ओंडका दोन बाजूंना पडला.

शेवटची पाचर लोखंडाची नव्हती. बाभळीच्याच वाळल्या नाराची होती, टोकाला तासलेली. लोखंडी पाचर घट्ट लाकडात कधी कधी उसळून वर येते. लाकडी धरून राहते, असं मामांचं म्हणणं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. त्या दिवशी गोतावळा समोर पडलेला पाहिला. बाकी बोलण्यात 'पाचर मारणे' म्हणजे चाललेल्या कामात अडथळा आणणं, हे मला कधीच पटलं नाही. वखारीत पाचर मारल्याशिवाय काम पुढं सरकतच नाही. हा वाक्प्रचार ओंडक्याच्या बाजूनं तयार झाला असावा.

ओलं फोडावं की वाळलेलं, यावर मात्र जिल्ह्यात एकमत नाही आणि मीही ते करायच्या भानगडीत पडलो नाही. लिंब आणि बाभूळ तोडल्या तोडल्या फोडली तर कुऱ्हाड आत जाते, वाळली की लोखंड होते, असं एक म्हणणं. दुसरं असं की ओली बाभूळ कुऱ्हाड गिळते. ती उन्हात टाका, भेगा पडू द्या, मग त्या भेगेतून शिरा. माझा अनुभव पहिल्या बाजूनं जातो, पण गाठीच्या तुकड्याला दुसराच उपाय. माझ्या अनुभवाची किंमत किती, तर नडगीवर तीन टाके. वाळल्या नारावरून कुऱ्हाड घसरली होती. तेव्हा मी पाय जोडून उभा होतो. पाय फाकून उभं राहायचं असतं, म्हणजे घसरलेली कुऱ्हाड दोहोंच्या मधून जमिनीत जाते.

कुऱ्हाडीबद्दलही थोडं. झाड तोडायची कुऱ्हाड पातळ पात्याची, फोडायची गालांनी जाड. पातळ कुऱ्हाड रुतून बसते, जाड फाकवते. आमच्याकडं ती उन्हाळ्यात येणाऱ्या घिसाड्यांकडून घ्यायची रीत. रस्त्याच्या कडेला पाल पडायचं, जमिनीत ऐरण रोवली जायची, मोटारीच्या जुन्या पाट्याचा तुकडा भट्टीत लाल व्हायचा. गडी सांडशीत लोखंड धरून बसणार आणि समोर उभी राहून घण घालणार ती बाई. पाठीला पोर बांधूनसुद्धा. गावात जे पुरुष लाकूड फोडणं हे बायकांचं काम नव्हे असं म्हणतात, त्यांच्या हातातली कुऱ्हाड एका बाईनं घडवलेली असते. नेढ्यात दांडा ढिला झाला की रात्रभर कुऱ्हाड पाण्यात टाकायची, लाकूड फुगतं. हा उपाय तात्पुरता, पण आमच्या गावात काही कुऱ्हाडी वीस वर्षं या तात्पुरत्यावरच चालल्या आहेत.

किती बारीक फोडायचं हे फोडणारा ठरवत नाही, चूल ठरवते. आमची आई ओंडक्याकडं न बघता सांगायची: "मनगटाएवढं कर, वैलाला बोटाएवढं." ज्वारीच्या भाकरीला तव्याखाली सारखा जाळ लागतो, आणि मग ती निखाऱ्यापुढं उभी करून फुगवायची असते, म्हणजे निखाराही लागतो. तुराट्या आणि पऱ्हाट्या भसकन पेटतात आणि मागं राखेशिवाय काही ठेवत नाहीत. बाभूळ उशिरा पेटते पण निखारा धरते. तिच्या वाळल्या गाभ्यात किलोमागं सुमारे ४९५० किलोकॅलरी उष्णता असते, वरच्या पांढऱ्या लाकडात ४८००. पण ही वाळल्या लाकडाची गोष्ट. लाकडातलं एक किलो पाणी उकळल्यावर त्याची वाफ व्हायलाच ५४० किलोकॅलरी जातात, तोवर चूल धूर सोडून दुसरं काही देत नाही. साल ओल धरून ठेवते. फोडलेल्या अंगातून ती निघून जाते. फोडणं हे वाळवण्याचंच अर्धं काम आहे, हे आईला आकड्यांशिवाय ठाऊक होतं. आखाडात ओलं सरपण फुंकत बसलेल्या बाईचे डोळे पाहिलेत, तर वैशाखातल्या घामाचा हिशोब लागतो.

या धुराला मी गोंजारणार नाही. घरातल्या धुरानं २०२० साली जगभरात ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात अशाच चुलीपुढच्या बायका आणि त्यांच्या कडेवरची मुलं आली. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, गावात टाक्या आल्या. चहा गॅसवर गेला. आंघोळीचं पाणी आणि भाकरी पुष्कळ घरांत अजून बाहेरच्या चुलीवर आहे, कारण टाकी संपली की पैसे लागतात आणि बाभळीला घाम. चुलीवरचं जेवण म्हणून शहराच्या वाटेवरच्या ढाब्यांनी पाट्या लावल्यात, त्यांचं मला कौतुक नाही.

सरपणावरून गाव वाचता येतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, चार-पाच महिने कोपीत राहायचं. जायच्या आधीच्या आठवड्यात गावात सगळीकडं ठोकाठोक ऐकू येते. मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांपुरतं लाकूड फोडून, भिंतीला लावून, वर पत्रा टाकून माणसं गाडीत बसतात. म्हातारीच्या हातून गाठीचं लाकूड फुटणार नाही म्हणून तिच्यासाठी सरळ धाग्याचं निवडून ठेवलेलं मी पाहिलं आहे. पाटोदा तालुक्यातल्या एका आजीनं ती रास दाखवून मला महिने मोजून दाखवले होते: इथवर संक्रांत, इथवर शिवरात्र. पाडव्याला पोरगा येईल तेव्हा खालच्या चार फाळी उरायला हव्यात, असा तिचा हिशोब.

गाठी मात्र वाया जात नाहीत. लग्नाच्या लांबड्या चुलाणात त्या सारल्या जातात, होळीच्या तळाशी जातात. आणि कुणी गेलं की तरणी पोरं कुऱ्हाडी घेऊन निघतात; ते लाकूड बारीक फोडत नाहीत. तीन-चार क्विंटल लागतं, पावसात जास्त. त्यावर एक प्रकरण पुढं आहे, म्हणून इथं थांबतो. वड, पिंपळ, उंबर चुलीत घालत नाहीत. चिंच आणि आंबा तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं परवानगी लागते. उरली वेडी बाभूळ. परदेशातून १८७७ च्या सुमारास या देशात आणलेलं हे झाड आता ओढ्याकाठापासून पडीक रानापर्यंत माजलं आहे. जळतं उत्तम, पण वाकडंतिकडं आणि काट्यानं ठणका देणारं. त्याला कुऱ्हाडीपेक्षा कोयता बरा. त्याचा कोळसा पाडायला रायगडाकडची कातकरी कुटुंबं मराठवाड्यात येतात. त्यांची उचल, त्यांचा मालक हा वेगळ्याच पुस्तकाचा विषय आहे आणि तो माझ्याहून जाणत्या माणसानं लिहावा.

आमच्या अंगणातल्या बुंध्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. एका उन्हाळ्यात घिसाड्यांचं पाल आमच्या वेशीजवळ पडलं होतं. पाणी मागायला आलेली बाई तांब्या हातात धरून त्या बुंध्याभोवती दोनदा फिरली. त्याच्यावरचे आमचे सगळ्यांचे घाव तिनं बोटानं चाचपून पाहिले. मग आबांना म्हणाली, ऐरण ठोकून बसवायला असाच ठोकळा पाहिजे, आमचा उकलला. आबांनी लगेच भाव केला: "कुऱ्हाड दे अन् ने." तिनं पाण्याचा घोट घेतला, विचार केला, हो म्हणाली. चौघांनी तो गाडीत चढवला. दुसऱ्या दिवशी ती कुऱ्हाड घेऊन आली, पाट्याची, जाड गालांची, नुसतं पातं. आबा म्हणाले, दांडा कुठाय? ती म्हणाली, "दांडा तुमचा तुमी बघा. बाभळ तर तुमच्याच बांधावर हाय."